वाचून दाखविला, बरोबर आहे

शहापूर तालुका,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप सुदामकाका,

स्नेहलचा नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. काकूचा गुडघा कसा आहे? तेल लावते की नुसतं "लावते, लावते" म्हणते? काल बाबांशी बोलणं झालं. कापणी उरकली, झोडणी राहिली आहे आणि माणूस मिळत नाही म्हणत होते. आईने फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "तुजा काका खळ्यावं येऊन उभा रायला, पण एक शबूद बोलला नाय. तू काय केलंस गो?" मी म्हटलं, काकांना पत्र लिहिते.

फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही हे एक कारण. दुसरं तुमचंच, की बोललेलं वाऱ्यावर जातं आणि लिहिलेलं फायलीत राहतं. तुमचं कार्ड गुरुवारी मिळालं. "वरिष्ठांचा हुकूम मोडलास असे मनोजकडून समजले. खरे की खोटे ते लेखी कळव." खाली सही आणि तारीख. खुशाली नाही, आशीर्वाद नाही. आमच्या पोलीस ठाण्यातल्या हिराबाई मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, "हा तुझा काका आहे का कोर्ट?" मी सांगितलं, दोन्ही. तुमच्या खात्यातल्या जुन्या जोडीदाराचा मुलगा मनोज तिकडे दुसऱ्या ठाण्यात आहे, तरी त्याला इथलं आधी कळतं हेही नवल आहे. माझ्या ठाण्याचं नाव मी या पत्रात घालत नाही. ते तुम्हांला ठाऊक आहे आणि बाकी कुणाला ठाऊक असायची गरज नाही.

तर काका, खरं आहे. मी हुकूम मोडला. कसा, ते क्रमाने लिहिते.

दिवाळीनंतर वरून आदेश आला की तालुक्यातल्या बांधकामांवर तपासणी करायची आणि बेकायदा राहणारे परदेशी नागरिक शोधायचे. त्या आदेशात मला तेव्हाही काही खटकलं नाही, आजही खटकत नाही. देशाला सीमा असते, सीमेला कायदा असतो, आणि तो पाळून घेणारं कुणीतरी लागतं. बायका असणार म्हणून महिला पोलीस हवी होती. साहेबांनी माझं नाव घेतलं तेव्हा मला अभिमान वाटला. आपल्या घरात मी पहिली पदवीधर, खाकी घालणारी तुमच्यानंतर दुसरी. भरतीच्या आधी तुम्ही धसईच्या रस्त्यावर सायकलवर पुढे आणि मी मागे पळत असायची ना, तेव्हा डोळ्यांसमोर हेच चित्र होतं. खरं काम.

मुरबाडच्या रस्त्याला आत मुंबईवाल्यांच्या बंगल्यांची एक स्कीम चालू आहे. तिथल्या पत्र्याच्या खोल्यांतून सतरा माणसं ठाण्यात आणली, त्यांत पाच बायका. चुलीवर भात शिजत होता. तो उतरवू का, असं एकीने हातानेच विचारलं. मी उतरवू दिला.

आता दुभाष्या हवा. शहापुरात संध्याकाळी पाच वाजता बंगाली कोण आणायचा? हवालदार वेखंडे म्हणाले, "मी आनतो, थांबा." आणि बाजारातल्या एका मिठाईवाल्याला मोटरसायकलवर बसवून घेऊन आले, कारण दुकानाच्या पाटीवर बंगाली मिठाई लिहिलेलं आहे. तो निघाला राजस्थानचा. "सर, मिठाई बंगाली है, मैं तो पाली का हूँ," असं तो म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. कारागिरांकडून चार बंगाली शब्द शिकला होता, तेवढ्यावर त्याला खुर्ची दिली.

जबाब लिहायचं काम माझ्याकडे होतं. लिहायचं म्हणजे काय, संगणकावर एक तयार फाईल आहे. तीत नाव, वय आणि तारीख बदलायची. "मी बांगलादेशची नागरिक असून चोरट्या मार्गाने सीमा ओलांडून भारतात आले" इथपासून सगळा मजकूर आधीच टाईप केलेला. आणि शेवटी ती ओळ, जी तुम्ही आयुष्यात हजार वेळा लिहिली असेल. हा जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. त्याखाली तिचा अंगठा, आणि "माझ्या समक्ष" म्हणून माझी सही.

पाचव्या बाईचं नाव शेफाली. तीस-एक वर्षांची असेल, केसांत सिमेंटची धूळ. मी शाईचा पॅड पुढे केला तर तिने तो बाजूला सारून पेन मागितलं. म्हणाली, "सही आती है मेरे को. पहले पढ़के सुनाओ, दीदी."

मी मराठीचं हिंदी करत वाचू लागले. पहिलंच वाक्य वाचलं आणि तिने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. "ये मेरा नहीं है, दीदी. दूसरे का कागज आ गया."

तिला खरंच वाटलं की कागदांची अदलाबदल झाली आहे. ती टेबलावर वाकून आपला कागद शोधू लागली.

मी साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, ती पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातली आहे म्हणते. पंचायतीचा नंबरही देते. फायलीतलं तिने काहीच सांगितलेलं नाही."

"सगळ्या असंच सांगतात."

"मग ती सांगते ते लिहू का? खोटं असलं तर पडताळणीत कळेल."

"कबुली असली की पडताळणीत वेळ जात नाही, देसले. आपण पकडायचं. ठरवणारे वर बसलेत."

"सर, वरचे तिला बघणारच नाहीत. माझा कागद बघून ठरवणार."

"तुझा कागद नाही. ठाण्याचा कागद. तू लेखनिक आहेस, जज नाहीस."

वेखंडे दारातून म्हणाले, "बी.ए. झालीस म्हंजे काय कलेक्टर झालीस काय गो?" यावरही लोक हसले. साहेब हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "हा हुकूम आहे. जा, सही घे."

मी म्हटलं, "नाही सर. ही सही मी घेणार नाही."

नंतर मी बाहेर येऊन साधा कोरा कागद घेतला. शेफालीने जे सांगितलं ते हाताने लिहिलं, दीड पान झालं, आणि तिला वाचून दाखवलं. गावाचं नाव मी चुकवलं होतं, ते तिने दुरुस्त करायला लावलं. मग बंगालीत सही केली, एक एक अक्षर कोरून. साहेबांनी तो कागद फेकून दिला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तिच्या जिल्ह्याला पत्र गेलं. आठ तारखेला उत्तर आलं की बाई तिथलीच, मतदार यादीत नाव आहे. तिला सोडली. कंत्राटदाराने परत कामावर घेतली नाही म्हणून ती कल्याणहून हावड्याची गाडी धरून गावी गेली.

अकरा तारखेला मला आदेशभंगाची नोटीस मिळाली. मी खुलासा दिला आहे. तुम्ही नेहमी सांगता की पस्तीस वर्षांत तुमचा एकही जबाब कोर्टात फुटला नाही, खोटा ठरला नाही. मी तेच केलं, काका. ज्या खाकीचं तुम्ही मला वेड लावलंत तिचं नाव मी राखलं असं मला मनापासून वाटतं. आता तुम्ही रागावणार की शाबासकी देणार ते लेखी कळवा.

काकूला आणि आपल्या दीपेशदादाला नमस्कार.

आपली पुतणी,
स्नेहल धाकलू देसले,
महिला पोलीस शिपाई


शहापूर तालुका,
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप काका,

नमस्कार. तुमचं पत्र आलं त्याला सहा दिवस झाले. उत्तर लिहायला बसायची आणि उठायची. काकूने पाठवलेल्या नाचणीच्या पापडांचा डबा मिळाला, तेवढं हिराबाई मॅडमच्या फोनवरून कळवलं होतं. पापड आम्ही दोघींनीच संपवले.

तुम्ही यावेळी तीन ओळी लिहिल्यात. "मजकूर मुद्देसूद आहे. पाचव्या बाईचा खोटा जबाब तू लिहिला नाहीस हे समजले. पहिल्या चौघींचे कोणी लिहिले?"

तुमच्यासमोर बसलेल्या माणसांचं काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं. मी इतकी सरळ हकीकत लिहिली होती, पोस्टात टाकताना स्वतःवरच खूश होते. आणि तुम्ही बरोबर तिथे बोट ठेवलंत जिथे मी पाय न वाजवता पुढे गेले होते.

मीच लिहिले, काका. चारही.

त्यांतल्या तिघींबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांनी मोडक्या हिंदीत स्वतःच सांगितलं, कुठल्या गावच्या, कशा आल्या, कोण घेऊन आलं. फायलीतला मजकूर आणि त्यांचं सांगणं जुळत होतं. त्यांना परत पाठवणं कायद्यात बसतं. वाईट वाटलं, पण खोटं लिहिलेलं नाही.

राहिली पहिली बाई, मर्जिना. चाळिशीची असेल. तिला हिंदी अजिबात येत नव्हतं. मिठाईवाल्याने तिला काहीतरी विचारलं, ती बराच वेळ बोलली, आणि तो मला म्हणाला, "हाँ बोल रही है, मैडम." मी म्हटलं, "पक्का?" तो म्हणाला, "मैडम, दुकान खुला छोड़ के आया हूँ."

मी तेवढं पुरेसं मानलं. नाव बदललं, वय बदललं, कागद काढला. सिमेंट कालवून कालवून तिच्या अंगठ्याच्या रेघा गेल्या होत्या. ठसा उमटेना, नुसता काळा डाग यायचा. दोनदा शाई लावली. तिसऱ्या वेळी मी तिचा अंगठा माझ्या हातात धरून दाबला. तिने हात मागे घेतला नाही. उलट सैल सोडला, मला सोपं जावं म्हणून.

मग मी सही केली. वाचून दाखविला, बरोबर आहे, माझ्या समक्ष. एक ओळसुद्धा वाचली नव्हती.

काका, त्या वेळी मला कुणी दम दिला नव्हता. हुकूम हा शब्दही कुणी उच्चारला नव्हता. साहेब जाता जाता म्हणाले, "शाब्बास, लवकर उरकलंस," आणि मला बरं वाटलं. शेफालीच्या वेळी नाही म्हणायला मला हिंमत लागली हे खरं, पण ती हिंमत माझ्या मनात आपोआप आली नाही. शेफालीला सही येत होती आणि तिने विचारलं, म्हणून आली. मर्जिनाने विचारलं नाही. खरं तर विचारलं असेल. मला कळायचा काही मार्ग नव्हता आणि मी तो शोधलाही नाही.

त्या चौघींना तीन तारखेच्या गाडीने सीमेकडे नेलं. आठ तारखेला शेफाली सुटली तेव्हा रजिस्टरवर सही करताना तिने विचारलं, "और मर्जिनादी? वो तो मेरे गाँव से एक नदी छोड़के है."

मी विचारलं, "नदीच्या इकडे का तिकडे?"

"इधर, दीदी. बीडीओ ऑफिस के पास."

हे मला आठ तारखेला कळलं. तुम्हांला मी पत्र लिहिलं सोळा तारखेला. मधले आठ दिवस मी माहीत असून गप्प होते, आणि पत्रात नोटिशीच्या गोष्टीला इतका रंग दिला की मलाही वाटू लागलं, सगळी हकीकत एवढीच आहे. तुमची शाबासकी मिळाली असती तर मी ती ठेवून घेतली असती. हे लिहायला मला सगळ्यांत जड गेलं, म्हणून लिहिते आहे.

तुमचं पत्र वाचल्यावर मी शेफालीला फोन केला. तिने मर्जिनाच्या भावाला गाठलं. त्याने मतदार यादीच्या पानाचा फोटो पाठवला. नाव आहे, नवऱ्याचं नाव आहे, घर नंबर आहे. बहीण कुठे आहे ते त्याला माहीत नाही. दहा तारखेला तिला सीमेपलीकडे सोडली असं कुणीतरी त्याला सांगितलं, त्यानंतर काही कळलं नाही. तिने स्वतः कबूल केलं आहे असं कागद सांगतो, म्हणून तिथे कुणी त्याची तक्रार घेत नाही. तो कागद माझा आहे.

मी अर्ज लिहिला. अमुक तारखेचा मर्जिनाचा जबाब तिच्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला नाही, तो तिला वाचून दाखवलेला नाही, तो तिला समजलेला नाही, आणि तरीही खाली मी सही केली आहे. मतदार यादीचा फोटो जोडला. द्यायच्या आधी साहेबांना दाखवला, त्यांना न सांगता देणं बरं दिसलं नसतं.

साहेबांनी मला पहिल्यांदाच "बस" म्हटलं. चहा मागवला. ते वाईट नाहीत, काका. त्यांनाही संध्याकाळी वर आकडा कळवायचा असतो आणि आकडा कमी आला की त्यांनाही कुणीतरी उभं करतं. म्हणाले, "हे बघ, शेफालीचं तुझं बरोबर निघालं. ताकीद देऊन मी ते मिटवतो. पण हा कागद दिलास तर खोटी सही केली असं तूच लिहून देतेस. प्रोबेशनवर आहेस तू. घरी पाठवायला त्यांना वेळ लागणार नाही."

"कळतंय सर."

"आणि ती बाई गेली. तुझ्या कागदाने परत येणार आहे का?"

"माहीत नाही, सर. पण तिने कबुली दिली असंच फायलीत राहिलं तर नक्की येणार नाही."

साहेबांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "वेखंडेंना सांग, आवक नंबर टाकायला." वेखंड्यांनी शिक्का मारला. कागद माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, "झेरॉक्स ठेव गो आपल्याकडं. दोन ठेव." एक प्रत मी मर्जिनाच्या भावाला पाठवली. तो एका वकिलाला भेटला आहे. त्याला पहिल्यांदा कुणीतरी तक्रारीची पोच दिली.

हे मंगळवारचं. शुक्रवारी चौकशीचं पत्र आलं.

बाबांना सांगितलं. ते खळ्यावर होते, फोन घेऊन जरा बाजूला आले. मग म्हणाले, "नोकरी जाल काय?" म्हटलं, जाऊ शकते. "खोटं लिवलंवतास तू?" म्हटलं, हो. "आन आता खरं लिवलंस?" हो. म्हणाले, "बरं. आईला मी सांगतो, तू नको सांगूस. तुला रडवल ती." पण आईने दहाच मिनिटांनी फोन केला आणि रडली नाही. म्हणाली, "मी अख्ख्या धसईला सांगितलंय, पोरगी पोलीस हाय. आता लोकांनी इचारलं तं काय सांगू?" मी म्हटलं, सांग की आहे. मग ती म्हणाली, "त्या बाईला पोरं हायत का गो?" मला माहीत नव्हतं. तेही विचारलं नव्हतं.

मला भीती वाटते हे लपवत नाही. हे कपडे उतरवावे लागले तर काय करीन, ते ठरवलेलं नाही. पण आरशात टोपी घालताना आता पहिल्यापेक्षा जास्त अभिमान वाटतो. आधी वाटायचं की खाकीने मला मोठं केलं. आता वाटतं की तिच्याकडून काय करून घ्यायचं ते थोडंफार माझ्यावर आहे. अधिकाऱ्याला उलट उत्तर दिलं याचा मला तेवढा अभिमान नाही, त्याचं मी मागच्या पत्रात फार कौतुक करून घेतलं. या अर्जाचा आहे. तो मला कुणी सांगितला नव्हता. तुम्ही फक्त प्रश्न विचारलात.

चौकशी दहा डिसेंबरला, ठाणे शहरात. माझ्या बाजूला बसायला एक सोबती घेता येतो. खात्यातला, निवृत्त असला तरी चालतो. हिराबाई मॅडम येते म्हणाल्या, पण त्यांचं प्रमोशन तोंडावर आहे, म्हणून मीच नको म्हटलं. सोबत्याचं नाव गुरुवारपर्यंत द्यायचं आहे.

तुम्ही पस्तीस वर्षं हुकूम पाळलात आणि मान कमावलात. हुकूम न पाळणाऱ्या आणि वर खोटी सही केलेल्या मुलीशेजारी येऊन बसा, असं सांगणं लहान तोंडी मोठा घास आहे. मला वाचवा असं मी म्हणत नाही. केलं ते केलं, त्याची शिक्षा मी घेईन. पण त्यांच्यासमोर मी मर्जिनाचा जबाब पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचणार आहे. तो अजून एकदाही कुणी वाचलेला नाही. वाचताना आवाज अडकला तर पाण्याचा ग्लास पुढे करायला आपलं माणूस जवळ असावं, एवढंच.

येणार असाल तर धसईहून सकाळची पहिली एसटी घ्या. मी मुरबाडच्या स्टँडवर थांबेन, तिथून कल्याणची गाडी धरू. मी युनिफॉर्ममध्ये असेन. तो अजून माझा आहे. पहिल्या गाडीत तुम्ही दिसला नाहीत तर दुसरीची वाट न बघता मी पुढे जाईन, आणि तुमच्याबद्दल मनात काही ठेवणार नाही.

काकूला म्हणावं, तेल खरंच लावत जा.

खोटी आणि खरी, त्या दोन्ही सह्या जिच्या हातच्या, ती तुमची,
स्नेहल